घरातला माणूस युद्धकैदी होता? त्याची माहिती शोधायची कशी, सुरुवात कुठून करायची

आमच्या घरी पत्र्याची एक ट्रंक आहे, कधीकाळी हिरवी होती आता नुसता गंज. तिच्या तळाला कागद अंथरलेला आणि त्याच्याखाली एक कार्ड निघालं. एका बाजूला इटालियनमध्ये छापलेलं, कोपऱ्यात जांभळा शिक्का, आणि दुसऱ्या बाजूला पेन्सिलीनं मोडीत चार ओळी. माझे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात कैदी होते एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं, पण कुठं, किती वर्षं, कोणाच्या ताब्यात, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. ते शोधायला मला तीन वर्षं लागली आणि त्यातली दोन मी चुकीच्या जागी शोधण्यात घालवली. तुमची तेवढी जाऊ नयेत म्हणून हे सगळं लिहितेय. सातारा सांगली भागात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही, अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आपल्याकडं आहे जिथून एका पहिल्या महायुद्धातच ४६ जण गेले ते परत आले नाहीत.

माझी पहिली चूक म्हणजे मी थेट इंटरनेटवर नाव टाकून बसले. काही सापडत नाही. कारण नावानं सापडतच नाही, शिपायाच्या लष्करी नंबरानं सापडतं, आणि तो नंबर बहुतेक वेळा घरातच कुठंतरी पडलेला असतो. म्हणून आधी घर.

घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस गाठा. आज ज्यांचं वय ऐंशी पंच्याऐंशी आहे ती त्या काळातली लहान पोरं होती, त्यांना आठवतं. पण विचारायचं कसं हे महत्त्वाचं. "आजी, रेजिमेंट कुठली होती गं?" असं विचारलं की ती म्हणणार "मला काय ठावं बाबा", आणि गप्प बसणार, वर तिला वाटणार की आपल्याला काहीच माहिती नाही. त्यापेक्षा घरातलं विचारा. पैसे कुठून यायचे? पत्र आलं की वाचून कोण दाखवायचं, मास्तर का पोस्टमन? तुझे वडील घरी आले त्या दिवशी तू कुठं होतीस? मी हे शेवटचं विचारलं तेव्हा आजी म्हणाली की ती गोठ्यात लपली होती, सहा वर्षांची होती, बाप म्हणून जो माणूस दारात उभा होता त्याला तिनं कधी बघितलेलंच नव्हतं, आणि त्यानं पिशवीतून साबणाची वडी काढून दिली ती तिनं गुळाचा खडा समजून चाटली. तिथून मग ती दोन तास बोलत होती.

मोबाईलवर रेकॉर्ड करा, बाजूला ठेवून द्या आणि विसरून जा. मधे मधे दुरुस्त करू नका. "तोबरूक" म्हणाली तर तोबरूकच लिहा, ते उत्तर आफ्रिकेतलं तोब्रुक आहे. "बसरा" म्हणाली तर कान टवकारा, कारण बसरा म्हणजे बहुतेक पहिलं महायुद्ध आणि मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. जात्यावरच्या ओव्या येणारी कोणी बाई घरात असेल तर तिला ओव्या म्हणायला लावा, त्यात बंधू किंवा भ्रतार कुठल्या मुलखाला गेला त्याचं नाव येऊन जातं, आमच्या चुलत आजीच्या ओवीत बसरा आला म्हणून आम्हाला कळलं की पणजोबांच्या आधी त्यांचा चुलताही लढाईला गेला होता.

आता त्या मनीऑर्डरींचं सांगते. पणजोबा सापडत नाहीत असा कागद १९४२ च्या पावसाळ्यात आला, गावात त्याला "मिशिंगचा कागद" म्हणायचे. भाऊबंद म्हणाले आता वाट कसली बघायची, दिवस घाला. पणजीनं कुंकू पुसलं नाही. तिचं म्हणणं एकच होतं, मनीऑर्डर अजून येतीय ना, सरकार मेलेल्या माणसाचा पगार घरी धाडत नसतं. आठ नऊ महिने ती बाई दर महिन्याला त्या मनीऑर्डरीकडं बातमी म्हणून बघत होती. रुपयांच्या आकड्यावर नवरा जिवंत आहे हे ठरवत होती. मी हे मुद्दाम लिहितेय कारण मनीऑर्डरीचं खालचं कूपन लोक रद्दी म्हणून टाकतात, आणि त्यावरच पैसे कुठल्या डेपोतून किंवा ऑफिसातून आले ते असतं, कधी कधी शिपायाचा नंबर पण असतो. आमच्याकडं सात कूपनं निघाली, देवाच्या फळीवर सुतळीत बांधलेली, त्यातल्या दोनांवर नंबर होता. म्हणजे माझ्या शोधाची किल्ली पणजीनंच जपून ठेवली होती आणि मी लंडनच्या वेबसाइटी बघत बसले होते.

दुसरी जागा म्हणजे पदकं. हे खूप जणांना माहीत नसतं, भारतीय सैनिकांना दिलेल्या पदकांच्या कडेवर नाव कोरलेलं असायचं. भिंग घ्या, खिडकीत जाऊन कड फिरवत बघा, बारीक इंग्रजी अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण दिसेल. पदक चांदणीच्या आकाराचं असेल तर मागच्या बाजूला बघा. आणि हात जोडून सांगते, चिंच लावून घासू नका, दिवाळीला तांब्या पितळेबरोबर पदकंही घासून लखलखीत करणारी घरं मी बघितलीत, ती अक्षरं झिजली की गेलीच. पदक कुठलं आहे त्यावरूनही कळतं, आफ्रिका स्टार असेल तर उत्तर आफ्रिका, बर्मा स्टार असेल तर ब्रह्मदेश, पॅसिफिक स्टार असेल तर मलाया सिंगापूरकडं बघायचं.

बाकी डिस्चार्ज बुक, पेन्शनचं पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), युनिफॉर्ममधला फोटो (फोटोच्या मागं स्टुडिओचा शिक्का असतो तोही वाचा). सगळ्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता. लॅमिनेशन अजिबात करू नका, पेन्सिलीचा मजकूर आहे त्याच्यावर तर नाहीच.

पत्र मोडीत असेल तर घाबरू नका. त्या काळी आपल्याकडं हातानं लिहायचं म्हणजे मोडीच असायची बऱ्याच जणांची. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा राज्याचं पुराभिलेख खातं, यांच्याकडं मोडीचे वर्ग होतात, तिथं शिकलेले लोक आपल्या भागातही आहेत, चार ओळी वाचायला कोणी नाही म्हणत नाही. आणि मजकूर वाचून निराश होऊ नका. आमच्या कार्डावर "मी खुशाल आहे, बैल विकू नये, मुलीस जपावे" एवढंच होतं. सेन्सॉर बसलेला असायचा, जागेचं नाव, हाल, जेवण काही लिहू द्यायचे नाहीत. जे कळायचं ते छापील भागावरून आणि शिक्क्यांवरून कळतं. "प्रिजोनियेरी दि ग्वेर्रा" छापलं असेल तर इटलीची छावणी, "क्रीग्सगेफांगेनेनपोस्ट" असेल तर जर्मनीची, आणि पी.जी. किंवा श्टालाग याच्यापुढं जो आकडा असतो तो छावणीचा नंबर. तो नंबर मिळाला म्हणजे अर्धं काम झालं. जिनिव्हाच्या १९२९ च्या करारात कैद्याला छावणीत पोचल्यावर आठवड्याच्या आत घरी कार्ड टाकू द्यायचं असं होतं. जपाननं तो करार मंजूर केलेला नव्हता, त्यामुळं जपान्यांच्या ताब्यात जे सापडले त्यांच्या घरी बऱ्याचदा वर्षानुवर्षं एक ओळ आली नाही. तुमच्या घरात पत्र नाही म्हणजे हरवलं असंच नाही, ते आलंच नसेल.

आमच्या भागात अजून एक गोष्ट झाली. तो काळ म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा काळ. एकाच घरात थोरला सरकारच्या पलटणीत आणि धाकटा भूमिगत, हे आमच्याही घरात होतं. झडतीच्या भीतीनं कागद चुलीत गेले, सरकारी शिक्क्याचे सुद्धा गेले. तसं झालं असेल तर मग बाहेरचे कागद शोधायचे.

बाहेरच्यात पहिलं तहसील. कुणबी नोंदींसाठी सगळ्यांनी कोतवाल बुकं पालथी घातली, तीच कोतवाल बुकं, गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद. आणि माणूस परत आलाच नसेल तर जुने फेरफार काढा. कायद्यात सात वर्षं काहीच खबर नाही लागली तर माणूस मयत धरतात, त्यामुळं १९४२ साली हरवलेल्याची वारसनोंद बऱ्याचदा १९५० च्या आसपास सापडते, आणि त्या फेरफारात "लढाईवर गेला तो परत आला नाही" अशा अर्थाची ओळ असू शकते. शाळेचं जनरल रजिस्टरही बघा, खरं आडनाव आणि जन्मतारीख तिथं मिळते. चावडीवर किंवा देवळापाशी संगमरवरी पाटी असेल, पहिल्या महायुद्धाला गावातून किती गेले किती मेले, तिचा फोटो घ्या, नावं नसतात पण आकडा असतो.

एक गोष्ट सांगलीकरांनी डोक्यात पक्की ठेवा. तेव्हा सांगली जिल्हा नव्हता. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे सगळं सातारा जिल्ह्यात होतं, १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. सांगली, मिरज, जत ही संस्थानं, आटपाडी औंध संस्थानात. म्हणजे विट्याच्या माणसाचा कागद सातारा नावानं शोधायचा, आटपाडीच्या माणसाचा औंध नावानं. मी सांगली टाकून दोन वर्षं शोधत होते ते यामुळंच. आणि स्पेलिंग. इंग्रजी कारकुनानं कानाला जे ऐकू आलं ते लिहिलेलं, साताऱ्यात एक टी जास्त, कराडात मधेच एच, जाधवचा जाधाओ, पवारचा पोवार, शिंदेचा सिंदे, आणि कितीतरी ठिकाणी आडनावच नाही, नुसतं नाव आणि बापाचं नाव. सगळी रूपं करून बघायची. मराठा पलटणीच्या नावातसुद्धा त्या वेळी इंग्रजीत एच जास्त असायचा.

आता पलटण. आपल्याकडं सगळे "मराठा पलटणीत होते" म्हणतात, पण तसं धरून चालू नका. दुसऱ्या महायुद्धात आपली माणसं बॉम्बे सॅपर्समध्ये (लष्कराचे इंजिनिअर) होती, सर्व्हिस कोरमध्ये होती, तोफखान्यात, हॉस्पिटलात, आणि १९४१ ला उभी राहिलेली महार रेजिमेंट होतीच. कागद कुठं आहे ते यावर ठरतं. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, सॅपर्स असतील तर खडकी, महार रेजिमेंट असेल तर मध्य प्रदेशातलं सागर, तोफखाना असेल तर नाशिक, सर्व्हिस कोर असेल तर बंगळुरू. "२/५ मराठा" असं कुठं दिसलं तर त्याचा अर्थ पाचव्या मराठा रेजिमेंटची दुसरी बटालियन.

आणि हा २/५ आकडा दिसला तर नीट बघा, कारण ती बटालियन तोब्रुकला होती. २१ जून १९४२ ला तोब्रुक पडलं, तेहतीस हजारांच्या आसपास माणूस एकदम कैद झाला, त्यात ११ व्या इंडियन ब्रिगेडमधले हे मराठे. तिथून इटलीला नेले, हिंदी कैद्यांची मोठी छावणी आवेत्सानो इथं होती, नंबर ९१, डोंगरातली. सप्टेंबर १९४३ ला इटलीनं शरणागती पत्करली, तेव्हा काही जण पळाले, बाकीच्यांना जर्मनांनी उचलून नेलं. फ्रान्समधल्या एपिनालला हिंदी कैदी ठेवले होते, ११ मे १९४४ ला अमेरिकन विमानांनी तिथं बॉम्ब टाकले, कैदीही मेले, पण तारा तुटल्या आणि पाचशेच्या आसपास जण चालत स्वित्झर्लंडला पोचले. आपला माणूस "स्विजरलँडला" होता असं कोणी म्हातारं सांगत असेल तर हसू नका, खरं असू शकतं.

पहिल्या महायुद्धातलं असेल तर कूत, मेसोपोटेमियातलं गाव. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी कूत अल अमारात तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या. १४७ दिवस वेढा, पिठाचं रेशन कमी कमी होत गेलं, घोड्याचं मांस खायला कित्येक हिंदी शिपाई तयार होईनात, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेले, सुमारे तेरा हजार जण. त्यांना वाळवंटातून चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला लावलं, खूप जण वाटेतच मेले. त्यांच्या नोंदी अर्धवट आहेत, पण रेडक्रॉसनं पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची जवळपास पन्नास लाख कार्डं इंटरनेटवर फुकट टाकलीत, तिथं बघा. दुसऱ्या महायुद्धाची कार्डं तशी उघडी नाहीत, जिनिव्हाला अर्ज करावा लागतो आणि ते वर्षातून ठराविक काळातच अर्ज घेतात, त्यामुळं त्यांच्या साइटवर लक्ष ठेवायचं.

माणूस मेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची साइट, फुकट आहे, आणि त्यात जादा माहितीच्या रकान्यात जुन्या जिल्ह्याचं किंवा गावाचं नाव टाकून शोधता येतं. आपल्या हिंदू सैनिकांचं दहन व्हायचं, त्यामुळं कबर नसते, नाव स्मारकाच्या भिंतीवर किंवा नोंदवहीत असतं, बसरा, अलामेन, रंगून, सिंगापूर असं. कबर दिसली नाही म्हणून पान बंद करू नका.

सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ ला पडलं तिथले कैदी असतील तर दोन वाटा. काही आझाद हिंद सेनेत गेले, काही नाही गेले आणि त्यातल्या पुष्कळांना जपान्यांनी न्यू गिनी, न्यू ब्रिटनला मजुरीला नेलं. युरोपातल्या कैद्यांतूनही नेताजींनी जर्मनीत वेगळी पलटण उभी केली होती. आझाद हिंदमध्ये असतील तर १९७२ पासूनची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन त्यांना लागू होती, म्हणजे कलेक्टर कचेरीत अर्जाची फाइल असायची शक्यता आहे, आणि दिल्लीच्या नॅशनल अर्काइव्हजचे कागद अभिलेख पटल या साइटवर चाळता येतात. जे गेले त्यांच्याही घरी कोणी वाट बघत होतं आणि जे गेले नाहीत त्यांच्याही, त्यावरून आज घरात वाद घालू नका.

रेकॉर्ड ऑफिसला लिहायच्या आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन या, जुनी माणसं त्याला अजून सोल्जर बोर्ड म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्याचं मानधन त्यांच्यामार्फत मिळतं, तुमच्या पणजीला ते मिळत असेल तर नंबर तिथल्या फाइलीतच आहे. मला एका ऑफिसात "एवढं जुनं काय करायचंय तुम्हाला" म्हणून परत लावलं होतं, मी दुसऱ्या दिवशी आजीला घेऊन गेले, तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि फाइल निघाली.

अर्ज एका पानाचा करा. नंबर, हुद्दा, नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, तेव्हाचा जिल्हा, पलटण, भरती आणि सुटकेचं अंदाजे साल, तुमचं नातं, आणि जोडीला पदकाच्या कडेचा आणि कूपनाचा फोटो. मागायचं काय ते स्पष्ट लिहा, शीट रोलची (शिपायाच्या नोकरीच्या नोंदीची) प्रत आणि कैदेची नोंद. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात टाका, दहा रुपये फी, तीस दिवस मुदत. पेन्शन नसलेल्यांची कागदपत्रं ठराविक वर्षांनी नष्ट करतात, तसं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या. आणि कोणी "ब्रिटिश सरकारकडून लाखो रुपये काढून देतो" म्हणून पैसे मागितले तर एक रुपया देऊ नका.

६२, ६५ किंवा ७१ च्या लढाईतलं माणूस असेल तर रेकॉर्ड ऑफिस तेच, पण करार १९४९ चा, त्यात कैद्याला महिन्याला निदान दोन पत्रं आणि चार कार्डं लिहू द्यायची असं आहे, त्यामुळं त्या घरांत कागद जास्त सापडतात. ७१ च्या बेपत्ता ५४ जणांची घरं मात्र अजून वाट बघतायत, त्यांच्याशी बोलताना "होते" म्हणायच्या आधी थांबा.

मिळालं ते सगळं मराठीत लिहून काढा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा, घाई न करता. मी आजीला छावणीचं नाव वाचून दाखवलं, मग कार्डावरची तारीख सांगितली, सप्टेंबर १९४२. ती म्हणाली, आमाला तर शिमग्याला मिळालं ते. मग बोटाच्या पेरांवर मोजायला लागली, सप्टेंबर, आक्टोबर, नोव्हेंबर, मार्चपर्यंत आली आणि परत पहिल्यापासून मोजायला लागली.